आपल्या डोंगराचा वरवंटा

आई, काल दादाच्या नातवाचं बारसं झालं आणि तुझा वरवंटा पाळण्यात गेला नाही. मी तो घासूनपुसून पिशवीतून कोनला दादाच्या घरी नेला होता. वहिनी दारातच म्हणाली, "ताई, कशाला एवढं वजन आणलंत? आम्ही नवीन घेतलाय ना." ओट्यावर ग्रॅनाइटचा वरवंटा होता, चकचकीत, करडा, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा. मी पिशवी कोपऱ्यात ठेवली. आतून वहिनीची बहीण बोललेली ऐकू आली, "बरं झालं. जिची कूस उजवली न्हाय, तिच्या घरचा दगड पोराच्या पाळण्यात कशाला?" ते ऐकूनही वहिनी पाळण्याला फुलं बांधत राहिली. तेच जास्त लागलं मला.

तुझा पाटा जमिनीवर असायचा. तू ओलं खोबरं आणि मिरच्या वाटते आहेस, वरवंटा पुढंमागं जातो आहे, आणि मी शेजारी बसून पाट्याची बारीक भोकं नखानं कोरते आहे. "ऊठ गं, तो हात डोळ्याला लावशील," तू ओरडतेस. घरामागच्या डोंगराचाच दगड तो. आता तो डोंगरही राहिला नाही, खडी होऊन गोदामांच्या रस्त्यांखाली गेला. माझ्या लग्नात सगळ्या भांड्यांवर तू हा वरवंटा ठेवलास, सोबत हातानं शिवलेली बाळाची कुंची. म्हणालीस, "जपून ठेव. तुमा दोघा भावंडांच्या बारशाला तुमच्या आधी ह्योच पाळण्यात निजलाय. आता तुझ्या पोराची पाळी हाय." बाळ दगडासारखं टणक व्हावं, एवढंच मागणं असायचं तुझं.

निजामपुऱ्यातल्या शाळेत मी दरवर्षी दगडांचा धडा शिकवते. बाहेर कापडाच्या लूमचा खडखडाट, म्हणून ओरडूनच शिकवावा लागतो. बेसाल्ट, म्हणजे आपल्या डोंगराचा काळा दगड, आणि ग्रॅनाइट, दोन्ही आगीतून आलेले. बेसाल्ट उघड्यावर येऊन भरभर थंड झाला, म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश निवला, त्याचे कण मोठे, वेगवेगळ्या रंगांचे. यंदा एका मुलीनं विचारलं, "टीचर, दोघांत भारी कोण?" मी म्हटलं, ज्याचं त्याचं काम वेगळं. काल मला ते उत्तर फार पोकळ वाटलं.

तू गेलीस तेव्हा थोडी आशा होती. डॉक्टर झाले, नवस झाले, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात अंघोळी झाल्या. आता पन्नाशी उलटली, आता कशाचीच वाट बघत नाही मी. काल बायकांनी तो ग्रॅनाइट कुंचीत गुंडाळून पाळण्याच्या वरून-खालून फिरवला. या हातातून त्या हातात गेला, माझ्या हातात कुणी दिला नाही. मी मागं उभी राहून टाळ्या वाजवल्या, घुगऱ्या खाल्ल्या, पिशवी उचलली आणि घरी आले.

हे तुला पोचायचं नाही. आणि पोचणार असतं तरी पाठवलं नसतं, कारण आणखी एक गोष्ट आहे आणि ती वाचून तू रडली असतीस. घरी आले तेव्हा हे कामावर गेले होते. मी तुझी कुंची काढली, वरवंट्याला घातली, नाडी बांधली आणि त्याला मांडीवर घेऊन बसले. जड आहे गं तो. पायाला मुंग्या आल्या, तरी खाली ठेववेना.