ब्लूग्रासमध्ये ढोल नसतो

आप्पा, मी गायलेल्या धनगरी ओव्यांचा अल्बम निघालाय, आणि त्यावरून लोकांनी मला इतकं काय काय ऐकवलंय की आता कान दुखतात. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्या मागं मी सातवीतनं शाळा सोडली, रांजणगावला कंपनीत लागलो, मग गुजरात, आता होसूर. आई म्हणते, पायाला भिंगरी हाय ह्याच्या. असेल. पण कुठंही गेलो तरी बिरोबाच्या जत्रेला गावी आलोय, मागं उभा राहून ऐकलंय. तुमच्यानंतर तुमच्या जागी आबाच बसत होते. पूर्वी तुम्ही ओळ टाकायचा आणि ते झील ओढायचे, म्हणजे मागच्यांना बरोबर घेऊन तीच ओळ उचलायचे. आता त्यांचा दम पुरत नाही. गेल्या वर्षी सगळ्यांदेखत म्हणाले, "फुडल्या जत्रंला वळ पोरानं टाकायची. बापाची जागा हाय त्याची." वर्षभर माझ्या डोक्यात तेवढंच होतं. त्यात हा अल्बम आला.

अल्बमचं काही ठरवून झालं नाही. खोलीवर माझ्याबरोबर एक शिलाँगकडचा पोरगा राहतो, त्याच्याकडं बँजो आहे. तुमच्या ढोलाला कुणी लांब मान लावून तारा ओढाव्यात, तसं दिसतं ते. अमेरिकेत डोंगरातल्या लोकांचं एक गाणं असतं, ब्लूग्रास म्हणतात, ते हा वाजवतो. एका रविवारी मी कपडे धूत ओवी म्हणत होतो, तर हा बादलीशेजारी येऊन बसला आणि तारा छेडायला लागला. "भाऊ, फिर से गा ना," म्हणाला. पुढं बंगळूरचे त्याचे दोस्त आले, एक फिडलवाला, एक मँडोलिनवाला, आणि ढोल मी गावाकडनं मागवला. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "म्हंजी हळदीतला बेंजो?" म्हटलं, न्हाई आई, दुसरा. "मग त्यो कशात वाजवत्यात?" ह्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

अल्बम निघाल्यावर बंगळूरच्या एका इंग्रजी पेपरात छापून आलं. बँजोवाल्या दोस्तानं मला हिंदीत सांगितलं. माझ्या आवाजाला मातीचा वास आहे म्हणे. आप्पा, मी इतकी वर्षं मशीनवर उभा आहे, वास आलाच तर कूलंटच्या तेलकट पाण्याचा येईल. आणखी लिहिलं होतं की गाणारा आणि बँजो एकमेकांशी बोलतात, तो या अल्बमचा आत्मा आहे. पुण्याच्या एकानं उलटं लिहिलं, की पोरांनी दोन चांगल्या गोष्टी एका पातेल्यात ओतून दोन्ही नासवल्या. मला दोन्हींनी दमायला झालं. चांगल्या लिहिण्यानं जास्तच.

मोबाईलवर तर रोज नवं. कुणी ढसाढसा रडलो म्हणून लिहितं, कुणी लग्नात लावलं म्हणून व्हिडिओ टाकतं. शिरूरच्या स्टँडवर एका कॉलेजच्या पोरानं माझ्याबरोबर फोटो काढला आणि हळूच विचारलं, "दादा, तुम्ही खरे धनगर आहात ना?" म्हटलं, दाखला घरी राहिलाय. आणि अमेरिकेतनं एक म्हातारा सारखा लिहीत होता. गाणं बरंय, पण ढोल काढा, ब्लूग्रासमध्ये ढोल नसतो, आमच्या बापजाद्यांनी कधी घेतला नाही. त्याच आठवड्यात गावाच्या ग्रुपवर कुणी लिहिलं, ओवीत तारा कशाला, तारा काढा, असल्या पोराला देवापुढं बसवू नका. मी दोस्ताला म्हटलं, तुझ्या त्या म्हाताऱ्याला आमच्या गावच्या जत्रेला बोलव. दोघं एका चटईवर बसतील, भाषा कळली नाही तरी भांडण नीट जमेल. तो हसला. मला हसू आलं नाही, कारण माझी जागा त्या ग्रुपवर लटकली होती. आबांकडं साधा फोनसुद्धा नाही. ते काय म्हणतायत ते मला कुणी सांगेना.

तेव्हा मला दौंडचा तो दिवस आठवायचा. मी लहान आहे, तुमचा हात धरून चाललोय. बाजारात क्यासेटच्या दुकानात मागं एक खोली आहे, तिथं तुम्हाला बसवलंय आणि दुकानवाला समोर मशीन लावतो. तुम्ही डोळे मिटून सुरू करता. क्यासेट संपते, मशीन खट्कन थांबतं. तुम्ही थांबत नाही. तो हात हलवतो, शेवटी तुमच्या गुडघ्याला हात लावून म्हणतो, "आप्पा, क्यासेट संपली." तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "मग आता तुमी ऐका." बिचारा ऐकत बसला. बाहेर गिऱ्हाईक ओरडत होतं. ती क्यासेट पुढं कधी निघालीच नाही, म्हणून तुमच्यावर कुणी काही लिहिलं नाही. त्याचा मला आता हेवा वाटतो.

जत्रेला आलो. देवळापुढं दुपारी माणसं जमलेली, भंडाऱ्यानं सगळं पिवळं. मला बघून मागनं एकजण ओरडला, "आला बरं का अमेरिकेचा धनगर! व्हिसा बघा रं त्याचा!" सगळे हसले. आबांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. शेजारची जागा हातानं झाडली आणि म्हणाले, "बस हितं." एवढंच. मला वाटलं, सुटलो.

मी ओळ टाकली. आवाज चांगला लागला, माझं मलाच कळलं. आणि मी पुढची ओळ घेतली. मागं दोघा-तिघांचा आवाज अर्ध्यात निघाला आणि बुडाला. परत टाकली, परत तेच. आप्पा, बंगळूरला जिथं गाणी भरली त्या खोलीत कानाला हेडफोन लावून गावं लागतं, आत नुसतं टिक टिक वाजत असतं. चार टिक झाले की पुढची ओळ. झिलेच्या जागी बँजो नंतर भरला. त्या गाण्यांत मला कुणी उत्तर देताना मी ऐकलंच नव्हतं, आणि पेपरवाला म्हणतो आम्ही बोलतोय. तिसऱ्या खेपेला आबांनी ढोलावर पंजा ठेवला. ढोल गप्प झाला.

"पोरा," ते म्हणाले, "आमी हाय की हितं."

मागनं कुणीतरी म्हणालं, "आबा, त्येचं मशीन चालू ऱ्हायलंय!" हशा झाला. आबा हसले नाहीत.

"तारा बिरा काय मला ठावं न्हाई. ऐकलंय म्या, नातवानं लावलं हुतं. आवाज तुज्या बापाचाच हाय. पन तू आमची वाट बघंना. आमी काय करावं मग? नुसतं बसावं व्हय?"

मीच उठलो. आबांनी पलीकडच्या एका पोराला बोलावलं, तो टेम्पो चालवतो, आवाज घोगरा आहे. "तू टाक," म्हणाले. तो घाबरत घाबरत तुमच्या जागी बसला. मी मागच्या रांगेत गेलो. शेजारच्या माणसानं सरकून जागा दिली आणि माझ्या हातात झांज कोंबली.

मग तो ओळ टाकतो आणि आम्ही उचलतो. तो चुकतो, थांबतो, घाम पुसतो. आम्ही वाट बघतो. आमचं संपेपर्यंत तो वाट बघतो. दहा-बारा गळ्यांत माझा गळा कुठला ते मला ओळखू येईना. त्या गळ्याला कुणी खरा म्हणेना, कुणी भेसळ म्हणेना. ऊन उतरेपर्यंत आम्ही म्हणत होतो.

घरी आल्यावर आई चुलीपुढं रडली. "तुज्या बापाची जागा दुसऱ्याच्या पोराला गेली," म्हणाली. मी भाकरी अर्धी ठेवून उठलो, तिला बरं वाटावं म्हणून. इकडं होसूरला आल्यापासून दोस्त मागं लागलाय, दुसरा अल्बम करू, लोक विचारतायत. मी बघू म्हणालोय.

हे पत्र धाडायचं नाही. तुम्ही असता तरी धाडता आलं नसतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलं असतं, आणि आई शेजारीच बसली असती. तिला मी सांगितलंय की जागा गेल्याचं मनाला इतकं लागलं की परतीच्या गाडीत डोळ्याला डोळा लागला नाही. ते खोटं आहे, आप्पा. दौंडला गाडीत चढलो आणि असा झोपलो की सोलापूर कधी गेलं ते कळलं नाही.