बेचाळीस प्रती

२ सप्टेंबर, मंगळवार

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या पत्रिकेचा पहिला अंक सगळ्यांना आवडला. ते चूक आहे. बेचाळीस प्रती वाटल्या, एकेचाळीस जणांना आवडला. बेचाळिसाव्या आमच्या रेकॉर्डबाई, जुन्या फायलींची खोली सांभाळणाऱ्या. आणि आत्या, त्यांचंच बरोबर आहे.

आमच्या पाणीपुरवठा खात्याच्या वार्षिक अहवालात इंजिनियरांची नावं फोटोसकट येतात. आम्ही टाइपिस्ट, टेलिफोनवाल्या, डाकवाले, शिपाई, सगळे मिळून ‘व इतर’. म्हणून तर मी ‘आवक-जावक’ची टूम काढली. चार पानं, फक्त ‘इतरां’साठी. आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनी वरून परवानगी आणून दिली. त्यांची सही असल्याशिवाय झेरॉक्सवाले एक पानही काढत नाहीत.

पहिला लेख मी फायलींच्या दोऱ्यांवर लिहिला. दोऱ्याचा रंग म्हणजे विभाग, गाठी म्हणजे वर्ष. अंधारातही हाताला फाईल सापडते. ही पद्धत भाऊंच्या कल्पनेतून आली असं मी छापलं, कारण पंधरा वर्षांपूर्वीच्या परिपत्रकाखाली त्यांची सही होती. मसुदा एकाचा आणि सही वरच्याची, हा कार्यालयाचा रिवाज. रोज दहा मसुदे करणाऱ्या मला तो आठवू नये, याची लाज वाटते. पद्धत रेकॉर्डबाईंची. घरातली उरलेली लोकर आणून त्यांनी ती सुरू केली, हे मला डाक विभागातल्या काकांनी सांगितलं. अंक वाटून झाल्यावर.

बाई भांडल्या नाहीत. फाईल मागायला गेलं की एवढंच म्हणतात, मी आपली दोरे गुंडाळणारी, पद्धत ज्यांची त्यांना विचारा. परवा भाऊ स्वतः त्या खोलीत गेले, तर त्यांना स्टूल दिलं आणि म्हणाल्या, घ्या, तुमचंच आहे सगळं. पाऊण तासाने भाऊ चष्म्यावर जळमट घेऊन बाहेर आले, फाईल न घेता. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

बाई तीस तारखेला निवृत्त होतात. त्याआधी हे नीट झालं नाही तर त्या ‘व इतर’ म्हणूनच घरी जातील, आणि या वेळी ते मी केलेलं असेल. अन्न गोड लागत नाही. काय करू ते कळव.

चुकीसकट लोभ असू दे.

तुझी भाची

६ सप्टेंबर, शनिवार

चि. काळजीबाई हीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आधी जेव. तू उपाशी राहिलीस म्हणून चूक काही वाळणार नाही. मी तुला घरी अक्षरं गिरवायला बसवायची तेव्हाही एक ‘ळ’ वाकडा आला की तू अख्खी पाटी पुसायचीस. वाकडा एकच असतो गं, पाटीने काय केलंय?

आता कामाचं. दुरुस्ती छापण्याआधी भाऊंना समोर बसून सांग. माणसाला छापलेलं वाचून कळलं तर तो आधी अपमान वाचतो, मग मजकूर. आणि लिहिताना ‘अनवधानाने’ हा शब्द घालू नकोस. तो मी साहेबांसाठी तीस वर्षं टाइप केला आहे. त्याच्यामागे कोण लपतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

तू बाईंसाठी एवढी का कासावीस होतेस, असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. एक गोष्ट तुझ्या वडिलांनाही सांगितलेली नाही. माझ्या निरोपाच्या दिवशी साहेबांनी जे भाषण वाचलं, तेही त्यांच्या नेहमीच्या भाषणांप्रमाणे मीच लिहून दिलं होतं. तुमच्याबद्दल चार ओळी तुम्हीच घाला, म्हणाले. मी एकच घातली. टाळ्या पडल्या त्या त्याच ओळीला. घरी येऊन मी खूप वेळ भांडी घासत बसले होते.

तुझे वडील म्हणतात, पोरीला नोकरी संभाळायला सांग. मी सांगितलं असं समज.

पत्र उशिरा आलं तरी चालेल, पण खरं येऊ दे.

आत्या

१४ सप्टेंबर, रविवार

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्या एका ओळीत काय होतं, ते भेटलीस की विचारणार आहे. सांगायचं नसेल तर सांगू नकोस.

मंगळवारी भाऊंना सांगितलं. दुसऱ्या अंकातली दुरुस्ती समोर ठेवली: ‘चूक माझी आहे, मी विचारलं नाही.’ मला वाटलं होतं, रागावतील. ते बराच वेळ पेनचं टोपण लावत आणि काढत राहिले. मग म्हणाले, “मला मसुदा वाचतानाच कळलं होतं. खोडायला पेन उचललंही होतं. पण एकतीस वर्षांत नाव छापून आलं नव्हतं गं.” त्यांची प्रत घरी आहे. त्यांच्या आईंना डोळ्यांनी दिसत नाही, तर येईल त्याच्याकडून त्या तो लेख वाचून घेतात.

नाही म्हणाले नाहीत. सहीही केली नाही. पाच दिवस झाले, दुसरा अंक त्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली पडून आहे. रागावले असते तर बरं झालं असतं. मला ते वाईट वाटत नाहीत, हीच अडचण आहे.

बाईंना विचारलं तर म्हणाल्या, नावाचं काय लोणचं घालायचंय, जाऊ दे. मी उठले तर मागून हाक मारून म्हणाल्या की लिहिणारच असशील तर नीट लिही, पहिली लोकर लाल नव्हती, मरून होती. तेव्हा कळलं, त्यांना हवंय.

शुक्रवारी आवक रजिस्टरात माझ्याकडून एक क्रमांक चुकला. आम्ही अशा वेळी खोडून काळं करत नाही. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं, बाजूला आपली सही आणि तारीख. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. ज्याने चूक केली त्यानेच ते करायचं असतं. हात तसाच थांबला, आत्या. पत्रिका तरी वेगळी काय आहे?

मी प्रत्येक टेबलापाशी जाणार. बेचाळीस प्रती, बेचाळीस रेघा, वर बाईंचं नाव, बाजूला माझी सही. भाऊंचं नाव रेघेखाली वाचता येईल. पुसणार नाही. ते मला करवत नाही आणि करायचंही नाही. सुरुवात त्यांच्यापासून. उद्या सकाळी त्यांना सांगेन की घरची प्रत आणा. नाही आणली तर तिथे जाऊन आईंना मी स्वतः वाचून दाखवीन, दोन्ही नावांसकट. यानंतर त्यांनी पत्रिका बंद केली तर मला वाईट वाटेल, पण तक्रार करणार नाही. बाबांना यातलं अर्धंच सांग.

दुरून का होईना, पाठीवर हात असू दे.

तुझी भाची

ता. क. दिवस कोणता, हे तू विचारशीलच. डाक बुधवारी वाटतात, तेव्हा सगळे आपापल्या जागी असतात. तुला लिहून दिलं की मला मागे फिरता येत नाही, म्हणून लिहिते: बुधवार, १७ सप्टेंबर, सकाळी दहा वाजता.