तिसऱ्यांदा विचारायचं

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी तुझ्याशी कधी नीट बोलले नाही. लिहायचा तर प्रश्नच नव्हता. सहावीत शाळा सुटली, अक्षर माझं कोंबडीनं उकरल्यासारखं, आणि तुला तर वाचताच येत नव्हतं. पण आज कान्ह्यात घरी बसलेय, लेक स्वयंपाकघरात भांडी आपटतेय, आणि मला कुणाला तरी सांगायचंय. जिवंत माणसांना सांगायला घेतलं की ती मध्येच बोलतात. म्हणून कागदावर तुला.

मी परदेशात असते. सायप्रस म्हणून एक बेट आहे, तिथं एका म्हातारीला सांभाळते. लकव्यानं तिची डावी बाजू गेलीय. अंघोळ घालायची, कूस बदलायची, भरवायचं, गोळ्या द्यायच्या. म्हणजे तू लोणावळ्याच्या त्या छोट्या दवाखान्यात जे करायचीस तेच. तू लोकलनं जाऊन आया होतीस, मी विमानानं जाऊन आया झाले. इथं लोक मला फॉरेनची नर्स म्हणतात. मी सुधारत बसत नाही.

शाळेला सुट्टी असली की तू मला आंबीहून बरोबर न्यायचीस. अजून दिसतं. तू खाटेपाशी उभी आहेस, हातात पेजेची वाटी. चिक्कीवाल्याची सासू भिंतीकडं तोंड करून पडलीय. "घ्या वो मावशी, दोन घास." "नको गं." तू वाटी खाली ठेवतेस, तिची उशी सारखी करतेस, चादर ओढतेस. "आता घ्या, गार व्हाया लागली." "नको म्हनले ना." मग तू माझ्याकडं बोट करतेस. "ती बगा, माजी लेक बसलीय. तिला वाटंल आईला काम येत न्हाई. माज्या अब्रूसाठी तरी एक घास." म्हातारी हसते आणि तोंड उघडते. येताना स्टेशनवर तू मला सांगितलंस, "आजारी मानूस पयल्यांदा नकोच म्हंतं. दुसऱ्यांदा लाजून म्हंतं. तिसऱ्यांदा इचारायचं. तवा खरं काय ते कळतं." मला वाटलं, झालं, या कामात शिकायचं ते एवढंच.

तीच विद्या घेऊन मी तिकडं गेले. भाषा येत नव्हती. पाणी, ये, दुखतं आणि नको, असे चार शब्द एजंटाकडच्या बाईनं शिकवलेले. नकोला तिकडं ओही म्हणतात. तिकडं आपल्या आंबिलीसारखं आंबट सूप करतात, ते मी म्हातारीला भरवायचे. दोन चमचे झाले की ती म्हणायची, ओही. मी उशी सारखी करून पुन्हा चमचा पुढं. ओही. मग तिसऱ्यांदा. पण तिच्यापुढं अब्रूची गोष्ट कुठल्या भाषेत काढणार, मी नुसताच चमचा ओठाला लावायचे. असं बरेच दिवस चाललं. एक दिवस तिनं चांगल्या हातानं वाटीच उडवली. सूप भिंतीवर, माझ्या अंगावर. तिचा मुलगा आला. मोबाइलवर हिंदी करून दाखवलं त्यानं. आई म्हणते ही बाई माझं ऐकत नाही, पुन्हा असं झालं तर तुला परत पाठवावं लागेल. मी फडक्यानं भिंत पुसत होते. माझ्या भागात याला माया म्हणतात, हे चार शब्दांत कसं सांगणार?

दुसऱ्या दिवशी तिनं ओही म्हटलं आणि मी ताडकन वाटी उचलून आत गेले. रागानंच. मर उपाशी, म्हटलं. थोड्या वेळानं तिच्या खोलीतून हाक आली, एला, म्हणजे ये. माझ्या हातातल्या वाटीकडं बोट केलं आणि सगळं सूप संपवलं. खरं सांगते, मला तिचा आणखी राग आला. आधीच खायचं होतंस ना, बये.

पण त्या दिवसापासून ती मला शिकवायला लागली. चमचा, उशी, खिडकी, पाऊस. बोट करायची, मी म्हणायचे, चुकलं की जिभेनं टक् करायची. मी चिडले की म्हणायची, सिगा सिगा. सावकाश. मास्तरांच्या छडीनं ज्या बाईला तेराचा पाढा आला नाही, ती आज औषधाच्या दुकानात जाऊन त्यांच्या भाषेत भांडते. तू बघायला हवं होतंस.

मग त्यांचा सण आला. म्हातारीनं विचारलं, मुलाबरोबर चर्चला जातेस का? मी म्हटलं, ओही. ती म्हणाली, कला. म्हणजे बरं. मी ओट्याशी उभी राहिले, आता दुसऱ्यांदा कधी विचारतेय याची वाट बघत. काय सांगायचं तेही जुळवून ठेवलं होतं. तिनं विचारलंच नाही. ती टीव्ही बघत होती.

तिथं उभ्या उभ्या मला आपली आंबीची चूल आठवली. तू भाकरी थापतेयस, मी लसूण सोलतेय. "पोरगं चांगलं हाय. कान्ह्याचंच हाय, लांब न्हाई. करायचं ना?" "नको." "अगं, सोन्यासारखी मानसं हायती." "नको. मला तुज्याबर दवाखान्यात यायचंय कामाला." तिसऱ्यांदा तू पिठाच्या हातानं माझी हनुवटी धरलीस. मी गप्प बसले. तू बाहेर ओसरीवर ओरडून सांगितलंस, "झाली बगा तयार." तुझा जावई वाईट नव्हता, आता तोही गेला, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आये, ते दोन्ही नको खरे होते. तुलाही कुणीतरी तीनदा विचारलं असेल, म्हणून मी तुझ्याशी भांडत नाही. नुसतं सांगतेय.

आता सुट्टी संपत आली. लेक मागं लागलीय. "आई, घर झालं, माजं लगीन झालं, आता कुनासाठी जातीस? ऱ्हा ना हितंच." दोनदा विचारून झालंय, दोनदा मी बघू म्हटलं. नात तुझीच, तिसऱ्यांदा विचारणार, आणि विचारताना आपल्या पोराला माझ्या मांडीवर देणार. मग मी विरघळणार, हे मला पक्कं माहीत आहे. परवा म्हातारीचा फोन आला. तुला परत यायचंय का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. कला, म्हणाली, आणि फोन ठेवला.

सगळ्यांना वाटतं मी पैशासाठी जाते. मीच तसं सांगत आले. खरं म्हणजे मला तिथं बरं वाटतं. लेकीच्या तोंडावर हे कसं म्हणायचं?

ती आतून विचारतेय, "आई, अजून एक भाकरी वाढू?" नको म्हटलं. घेऊन आली, ताटात टाकली पण. गरम आहे, तूप लावलंय, खातेय मी. तिला वाचता येतं, त्यामुळं हा कागद रात्रीच्या आत फाडावा लागेल. तिकीट मी कालच काढलं. तिनं तिसऱ्यांदा विचारायच्या आत.