गुरुवारी दक्षिणेला

अप्पा, मी सिलोनला जाऊन आले. एकटी. त्याला आता काही वर्षं होऊन गेली आणि तुम्हाला जाऊन तर त्याहून कितीतरी जास्त, तेव्हा बातमी चांगलीच शिळी आहे. पण तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. आज सकाळपासून स्वयंपाकघरात बसून तुम्ही दिलेला, प्रवासात पाणी न्यायचा पितळी कूजा चिंचेनं घासतेय, आणि हात चालू असले की माझं तोंड बंद राहत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. ऐकायला घरात कुणी नाही, म्हणून हात धुऊन लिहायला बसले. तुम्ही शिकवलीत त्याच देवनागरीत आणि त्याच पुस्तकी मराठीत लिहितेय. या घरात आता ती माझ्याखेरीज कुणाला वाचता येत नाही. धाकट्या भावाच्या मुलांना आपलं बोलणं सगळं कळतं, उत्तर मात्र तमिळमध्ये येतं. तेव्हा हा कागद जेवणाच्या पाटावर उघडा पडला तरी चिंता नाही.

तंजावर जंक्शनवरचं तुमचं पार्सल ऑफिस मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. मी लहान आहे, तुमचा डबा घेऊन आलेली, आणि बोट मेल गाडी त्या दिवशी भलतीच उशिरा आलीय. विड्याच्या पानांच्या करंड्यांवर ओली पोती टाकलेली आहेत, कोपऱ्यात गवतात गुंडाळलेली वीणा उभी आहे आणि तुम्ही हमालांवर तमिळमध्ये, साहेबावर इंग्रजीत आणि माझ्यावर मराठीत, असे एका दमात तिघांवर ओरडताय. ही गाडी कुठं जाते, असं मी विचारते. तुम्ही करंडीवर चिठ्ठी डकवता डकवता सांगता, "समुद्रापोत. तिथून बोट. मग सिलोन." आपण कधी जायचं, असं विचारल्यावर तुम्ही माझ्याकडे न बघताच म्हणता, "आपलं तिकडं काय अहे? पानं जातात, तेवढं पुरे." तंजावरची पानं कोलंबोला रोज जायची आणि ती पाठवणारा माणूस उभ्या जन्मात मदुरैच्या पलीकडे गेला नाही. मला याचं तेव्हाही हसू यायचं. तुम्हाला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मग तो दुसरा दिवस. माझी तिशी उलटून गेली होती. मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवत होते आणि दरवर्षी फळ्यावर सिलोनचं बेट काढून काढून मला ते डोळे मिटूनही काढता यायला लागलं होतं. आम्हा तिघी-चौघी शिक्षिकांचा मेच्या सुट्टीत तिकडे जायचा बेत ठरला. एकीचे सासरे आजारी पडले, दुसरीच्या नवऱ्यानं डोळे वटारले, असं होत होत मी एकटीच उरले, आणि एकटीच जाईन असं मी तुमच्यासमोर बोलून बसले. तुम्ही कॉफी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतत होतात. ओतणं थांबलं. "दोन प्रश्नांस उत्तर दे आणि मग जा," तुम्ही म्हणालात. "खर्च किती? आणि कांही झालं तर?" पहिल्याचं उत्तर मी जेमतेम जमवलं असतं. दुसऱ्याचं काय देणार? तुम्ही म्हणालात, "मग भूगोल शिकव. भूगोल शिकवाया भूगोलात जावं लागत नाही." फार लागलं मला ते, अप्पा. पुढे बरेच दिवस तुमच्या पानात मी तूप मुद्दाम कमी वाढत होते. तुम्ही तेवढ्यावरच जेवलात.

त्याच महिन्यात तुम्ही हा कूजा आणलात. फिरकीचं झाकण, वर कडी, पोटावर माझं नाव कोरून घेतलेलं. माझ्या हातात ठेवून एवढंच म्हणालात, "बाहेरचं पाणी पिऊं नको." आणि तुम्ही अंघोळीला गेलात. तेव्हा कुंभकोणमला आतेबहिणीचं लग्न होतं, तिकडे जायला म्हणून आणला असेल, असं सगळ्यांनी धरलं. मी रागातच होते. लग्नाला मी तो नेलाच नाही, तापानं निजले असं सांगून घरी राहिले. पुढच्या पावसाळ्याआधी तुम्ही गेलात आणि कूजा स्वयंपाकघरात राहिला. आम्ही त्यात ताक ठेवायला लागलो.

पंचेचाळिशी जवळ आली तेव्हा एक दिवस वर्गात सिलोन काढताना माझा खडू मोडला आणि मला एकदम वाटलं, आता नाही तर मग कधीच नाही. तुमचे दोन प्रश्न घेऊन मी परत बसले. खर्चाचं गणित सोपं होतं कारण मी फार काही मागतच नव्हते. गाडीत तिसऱ्या वर्गाचा बायकांचा डबा, कोलंबोत नोकरदार बायकांचं एक वसतिगृह, तिथं सुट्टीत खोल्या रिकाम्या असतात आणि स्वस्तात मिळतात. पहिले दोन दिवस घरचा पुळियोदरै, म्हणजे चिंचेचा भात, पुढे केळी आणि तांदळाच्या शेवयांचं इडिअप्पम. सरकार परदेशचे पैसे बदलून हातावर ठेवतं ते इतके थोडे, की उधळपट्टी करावी म्हटलं तरी जमली नसती. दुसरा प्रश्न तसाच फणा काढून बसला होता. तिकडे दंगे होऊन गेले होते, पेपरात सगळ्यांनी वाचलं होतं. धाकट्यानं तर माझ्याशी बोलणंच टाकलं. टाकण्याआधी एवढं म्हणाला, "अक्का, ह्या वयांत तुज कशास हे? अप्पा असते तर सोडले असते?" मी वसतिगृहाच्या वॉर्डनबाईंना पत्र टाकून विचारून घेतलं की कुठल्या भागात जावं, कुठं जाऊ नये, संध्याकाळी फाटक कधी लागतं. पैसे परकराच्या आत शिवून टाकले. बाकी सगळं देवावर आणि थोडं माझ्या आवाजावर सोडलं. चाळीस मुलींचा वर्ग गप्प करणारा आवाज आहे माझा, तो काही वायाच जायचा नाही.

आता गंमत ऐका. सुट्टी, वसतिगृहाची खोली आणि बोट या तिन्हीचा मेळ बसला तो नेमका गुरुवारी. गुरुवारी दक्षिणेला शूल, दक्षिणेला पाऊल टाकायचं नाही. मी भूगोलाची बाई, मी हे मानत नाही असं शाळेत छाती काढून सांगत होते. आणि बुधवारी सकाळी, कुणाचं लक्ष नाही असं बघून, गुपचूप समोरच्या मामींकडे प्रस्थान ठेवून आले. तुम्ही इथल्या इथं ओरत्तनाडूला जायचं असलं तरी ठेवायचात तसंच. चांगल्या दिवशी गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवलं की प्रवास तेव्हाच सुरू झाला, मग वाईट दिवशी निघालं तरी बाधत नाही. आणि त्या बाबतीत तुमचा नियम पक्का होता. ज्याच्यावाचून गाडीत बसता येणार नाही तेच प्रस्थानात ठेवायचं, जुनं धोतर ठेवलं तर देवाला ते कळतं. म्हणून मी त्या गाठोड्यात माझा पासपोर्ट ठेवला.

दुपारी शाळेतून येऊन बघते तर मामींच्या दाराला कुलूप. तिरुवैयारुला मुलीचे दिवस भरले म्हणून निरोप आला, आणि मामी होत्या तशा गेल्या. गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे. माझा पासपोर्ट कुलपाच्या आत देवापुढे बसलेला. एवढी वर्षं घाबरून काढली, धीर केला, आणि तुमच्याच नियमानं मला दारात अडवलं असं वाटून रडूच आलं. मग पदर खोचला आणि मिळेल त्या बसमध्ये चढले. एकामागून एक नद्यांचे पूल येतात तिकडे जाताना, आणि प्रत्येक पुलावर बस म्हशींसाठी थांबत होती. मी त्या म्हशींना मराठीत शिव्या दिल्या.

मामी विहिरीजवळ नातवाची लंगोटी वाळत घालत होत्या. मुलगा झाला होता. माझी हकीगत ऐकून त्या पोट धरून हसल्या, कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली, आणि मग एकदम गंभीर झाल्या. "प्रस्थान उचललं मणजे परत घरांत जाऊं नको हां," म्हणाल्या. "सरळ टेशनास. नाही तर केलेलं अस्की वाया." मी म्हटलं, मामी, गाडी पहाटे आहे, रात्रभर काय करू? "आमची तिण्णै अहे की," मामी म्हणाल्या.

तेव्हा मी संध्याकाळी परत येऊन मामींच्या घरातून गाठोडं काढलं आणि त्यांच्या तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसले. माझं स्वतःचं घर चार पावलांवर, दिवा लागलेला, आणि मी परदेशी निघालेली बाई म्हणून समोर परकी बसलेली! पासपोर्ट नुसता उचलून घरी जाऊन निजले असते तर कोण बघत होतं? पण नाही धजले. गल्लीतली सगळी माणसं बघायला आली. कुणी सिलोनची दालचिनी आणायला सांगितली, कुणी एकटीनं जाते म्हणून हळहळलं, कुणी तसंच बघत राहिलं. थोड्या वेळानं आमचं दार उघडलं आणि इतके दिवस न बोलणारा धाकटा उशी काखेत मारून गल्ली ओलांडून आला. त्याच्यामागून त्याची बायको केळीच्या पानावर जेवण घेऊन आली. "अप्पांसारखीच अहेस," तो म्हणाला, "शाळेंत एक बोलतेस, घरीं एक करतेस." आणि माझ्याशेजारी बसून माझ्याच पानातला पापड खाल्ला. पहाटे माझी पेटी डोक्यावर घेऊन स्टेशनवर तोच आला. गाडी हलताना त्यानं खिडकीतून कूजा आत दिला. ताकाचा वास जाईपर्यंत घासलेला, पाण्यानं भरलेला. "बाहेरचं पाणी पिऊं नको," असं तो अगदी तुमच्या सुरात म्हणाला.

मंडपमला देवी टोचल्याचा कागद बघणाऱ्या डॉक्टरनं विचारलं, बरोबर कोण? धनुष्कोडीच्या धक्क्यावर कस्टमच्या माणसानं विचारलं, बरोबर कोण? मी दोघांना सांगितलं, मीच. दुसऱ्यांदा सांगताना मला मजा यायला लागली होती. बोटीवर वारा सुटला, बायका कोपऱ्यात डोकी धरून बसल्या, कुणाचा लोटा लवंडला, कुणाच्या बाटलीचं बूच उडालं. माझा कूजा डेकवर इकडून तिकडे चांगला घरंगळला आणि एक थेंब सांडला नाही. तो पायानं अडवून धरला आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. फिरकीचं झाकण. वर कडी. कुंभकोणमला जायला कुणी असला कूजा घेत नाही, अप्पा, तिथं प्रत्येक स्टेशनवर ओळखीचं कुणीतरी पाणी घेऊन उभं असतं. तुम्ही तोंडानं नाही म्हणालात आणि बाजारात जाऊन हा घेऊन आलात. एवढी वर्षं मी त्यात ताक ठेवत होते. मी सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले. शेजारच्या आजींना वाटलं मला बोट लागलीय, त्यांनी लिंबू हुंगायला दिलं.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं आता देते. खर्च झाला तो माझ्या ऐपतीतला, वर दालचिनीनं पेटीही जड झाली. आणि काही झालं का? कँडीला पाऊस लागला आणि चप्पल तुटून पायाला लागलं. चहाच्या मळ्यावरच्या एका बाईनं आपल्या घरात बसवून पायाला हळद लावली. तिचे आजोबा आपल्याच नागपट्टणमकडचे निघाले. कोलंबोत एक माणूस बराच वेळ मागं मागं येत होता. मी वळून वर्गातल्या आवाजात काय पाहिजे म्हणून विचारलं, तो पुढच्या गल्लीत पळाला. तेव्हा मी घाबरले होते, ते लपवत नाही. पण वसतिगृहात फाटक लागायच्या आत पोचले आणि रात्री इतकी गाढ झोपले की वॉर्डनबाईंनी दार वाजवून उठवलं. असं झालं सगळं. मला बेट फळ्यापेक्षा बरंच मोठं वाटलं.

पुढे चौसष्टच्या त्या वादळानं धनुष्कोडीचं स्टेशन, रूळ, सगळंच नेलं. आता तसं जाता यायचं नाही. मी या सुट्टीत नागपट्टणमहून मलायातल्या पेनांगच्या बोटीनं निघतेय, दिवस कुठला येतो ते धाकट्यानं आधीच पंचांगात बघून ठेवलंय. मामींकडे उद्या प्रस्थान नेऊन ठेवायचं. या वेळी पासपोर्ट माझ्याजवळच राहील, गाठोड्यात कूजा जाईल. त्याच्यावाचूनही मला निघता येणार नाही, तेव्हा नियम मोडला असं होत नाही.

हे पत्र कुठं टाकणार? घडी करून तांदळाच्या डब्याच्या तळाशी जाईल, वर तांदूळ येतील. एक सांगून टाकते. कूजा तुम्ही कशासाठी आणलात हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही, आणि बोटीवर मला जो अर्थ हवा होता तो मी लावून घेतला. त्याच अर्थावर मी समुद्र ओलांडला आणि आता दुसरा ओलांडणार आहे. कदाचित खरंच तो कुंभकोणमच्या लग्नासाठीच आणला असेल. तसं असेल तर, अप्पा, मला सांगू नका.