कॅन्डिडेटचा पांढरा सदरा

प्रिय निकिता,

पत्र बघून दचकू नकोस. माझा फोन सध्या ह्यांच्या खिशात असतो. "उमेदवाराचा फोन हाय, लोकं करत्यात," म्हणे. उमेदवार मी, फोन माझा, आणि बोलतात हे!

आपल्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं, तेव्हा ह्यांनी, रणधीररावांनी, मला विचारलंसुद्धा नाही. अणदूरला जाऊन स्वतःलाच पांढरे सदरे शिवून घेऊन आले. बॅनरवर ह्यांचा फोटो दाराएवढा, माझा कोपऱ्यात, तोही लग्नातला. वैताग आला गं! त्याच तिरमिरीत तुला फोन करून विचारलं होतं, कॅन्डिडेट म्हणजे नेमकं काय? तू इंग्रजीची मास्तरीण, मला थेट रोमला नेलंस. लॅटिनमध्ये 'कॅन्डिडस' म्हणजे पांढरंशुभ्र. तिथं निवडणुकीला उभे राहणारे अंगावरचं वस्त्र खडूनं पांढरं करून हिंडायचे, म्हणून कॅन्डिडेट. मी कपाळावर हात मारला. एवढी शतकं लोटली तरी कपड्यावरच भागतंय! मग तू म्हणालीस, 'कॅन्डिड'ही त्याच मुळाचा. आडपडदा न ठेवता बोलणारा. ते मात्र डोक्यात राहिलं.

काल देवळापुढं सभा झाली. हे बोलले, मामंजी बोलले, मला नुसतं हात जोडायला उभं केलं. तेवढ्यात गर्दीतून इरम्मा मावशी ओरडल्या, "तिला बी तोंड दिलंय की देवानं!" मी माईक घेतला. म्हटलं, "वरच्या गल्लीला आठवड्यानं पाणी येतं, आमच्या गल्लीला रोज. कारण टाकीची चावी आमच्या घरात आहे. निवडून आले, तर पहिली ती चावी घरातून बाहेर काढीन." वरच्या गल्लीतल्या बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. हे तिथूनच उठून गेले.

घरी मामंजी म्हणाले, "घर बुडवलंस, सूनबाई." आज सकाळी हे कडक इस्त्रीचा सदरा घालून विरोधी पॅनलच्या मंडपात जाऊन बसले. सगळ्या गावादेखत! संतापले मी. आणि खरं सांगू, घाबरलेही.

आमचे चुलत दीर बालाजी एस.टी.नं लातूरला निघालेत, त्यांच्याच हाती हे पत्र देतेय. तुझं मत अजून गावातच आहे ना? ह्या घरात माझ्याशिवाय मला कुणी मत देईल असं वाटत नाही. आपला मराठी शब्द बघ, उमेदवार. कपड्यांचं नाव नाही त्यात, ज्याला उमेद आहे तो. माझी जरा कमी पडतीय. रविवारी मतदान आहे. ये.

तुझीच, वैतागलेली पण उभी असलेली,
शिवप्रिया