मामूंच्या लिव्हरची निवड

रिफा, बहरीन

अहमदमामू यांस उबेदचा सलाम. तुमची तबियत ठणठणीत आहे हे मला ठाऊक आहे, तरी ती कशी आहे हे विचारणं आज भाग आहे. का, ते पुढे कळेल. बिल्किसमामीला सलाम सांगू नका (पत्र आलं हेच सांगू नका). तिने 'आराम करा' म्हणत तुमचा मोबाइल काढून घेतलाय, म्हणून इथला बासित सुट्टीवर दापोलीला येतोय त्याच्या हाती हे पाठवतो.

तुम्ही विचारलंत, बागेतल्या डुकरांसाठी ती काउबॉयवाली रायफल, खालचं लिव्हर ओढलं की पुढची गोळी चढते ती, पिस्तुलाच्या गोळीची घ्यायची तर कुठली? (लायसन्सवर बसते का, ते तुम्ही तिकडे विचारा, मला नको.) इथे माझ्यासारख्याला रायफल कोण दाखवतो? पण सित्रा गावातल्या आमच्या ऑफिसात वॉल्टर म्हणून अमेरिकन आहे, शेतावर वाढलेला. त्याला विचारलं आणि जेवणाची अख्खी सुट्टी गेली. त्याचं म्हणणं, पिस्तुलाची गोळी लांब नळीतून सुटली की तिचा जोर वाढतो आणि रायफल खांद्याला फार मारत नाही. चव्वेचाळीस मॅग्नम ही दांडगी गोळी घेतली तर डुक्कर जागेवर बसेल, पण कदाचित मामूही बसतील. तीनशे सत्तावन्न सौम्य, शिवाय तिच्यात अडतीस स्पेशलची मवाळ गोळीसुद्धा चालते. म्हणून मी तीच निवडली.

घरी येऊन हे तुम्हाला व्हॉइस मेसेजवर सांगत होतो (लिव्हर-अ‍ॅक्शन एवढं लांब कोण म्हणतं, नुसतं लिव्हर म्हटलं). तुमची भाचेसून शाजिया आत सुरमई तळत होती. तेलाच्या आवाजातून तिने ऐकलं ते एवढंच: "मामू, लिव्हर लहानच बरं. तुमच्या वयाला मोठं झेपायचं नाही. जुनं मिळालं तरी चालेल, फक्त आतून गंजलेलं नको."

तिने गॅस बंद केला, बेडरूममध्ये जाऊन मामीला फोन लावला आणि दोघी मिळून रडल्या. संध्याकाळपर्यंत मनामाच्या सूक बाजारातल्या सगळ्या कोकणी दुकानांत बातमी पोचली. त्यातल्याच एका दुकानातला जुनैद धावत आला. "उबेदभाय, माझं अर्धं लिव्हर घ्या. आजपासून सिगारेट खलास!" शेजारचा वसईचा लान्सी चर्चमध्ये मेणबत्ती लावून आला. त्याची बायको फ्लोरी हॉस्पिटलात नर्स. ती रिपोर्ट मागायला लागली.

मी ओरडून सांगितलं, "अगं, बंदूक आहे ती!"

"एवढ्या दुखण्यात मस्करी सुचते तुम्हाला?" शाजिया म्हणाली.

फ्लोरीने माझ्या पाठीवर हात ठेवला. "होतं असं. घरच्यांना आधी पटतच नाही."

मामू, खरं सांगतो, तुम्ही धडधाकट आहात हे मला एकट्याला माहीत होतं, तरी त्या सगळ्यांची तोंडं बघून मलाही रडू कोसळलं. मग तर कुणाला शंकाच उरली नाही. तेव्हा घरी पपईची पानं, नारळपाणी घेऊन माणसं येतील, त्यांना हाकलू नका.

तुमचा,
उबेद

ता.क. तीनशे सत्तावन्नचं राहू द्या. वॉल्टर आज म्हणाला, त्याने जन्मात बंदूक चालवलेली नाही. त्यांच्या शेतावर बटाटे होते. डुकरांना कुंपण घाला.

आणखी एक. तीन वर्षं माझी लीव्ह नामंजूर करणाऱ्या मॅनेजरने स्वतः हाक मारून सांगितलं, "यल्ला, चल निघ, घरी जा, मामाला भेट." मी बंदुकीचं नावही न काढता तिकीट काढलं. शुक्रवारी पोचतो. तोवर कृपा करून पडून राहा. आणि मी दारात दिसलो तरी धावत येऊ नका, मामू. मीच आत येतो.