हेडमास्तरांच्या कपाटातलं ब्रेल मशीन

चूल्वेचे बाबा,

मक्याच्या पिठाचा न्शिमा झाकून ठेवलाय, सोबत भोपळ्याच्या पानांची भाजी आहे. मी चूल्वेला घेऊन शाळेत चाललेय.

तिच्यासाठी आलेलं ब्रेलचं मशीन पाहुणे आले की हेडमास्तर बाहेर काढतात, पोरीला त्याच्यापुढे बसवून फोटो घेतात आणि परत कुलपात घालतात. म्हणे, पोरं मोडतील! मोडू दे की, वापरून मोडू दे. आज तिची परीक्षा आहे. जिला डोळ्यांनी दिसत नाही, त्या पोरीनं उत्तरं काय हवेत लिहायची?

तुम्ही काल म्हणालात, सरांच्या तोंडाला लागू नकोस. नाही लागणार. ते कपाट तुम्हीच बनवलंय, आणि त्याच्या मागच्या फळीला चारच खिळे आहेत, हेही तुम्हीच सांगितलंय.

तुमची हातोडी शोधत बसू नका.

मुटिंटा